हेवी क्वार्क किती तयार होणार हे आधीच कसं सांगतात, आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा की कोलायडरमध्ये, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, चार्म, बॉटम, टॉप हे जड क्वार्क किती तयार होतील ते थिअरीवाले आधीच कुठून काढतात, आणि कधी आकड्यापुढे चार टक्के एरर तर कधी चक्क निम्मं-दुप्पट, म्हणजे हे सगळं हातचं राखून बोलणं आहे का. मी काही वर्षं हेच आकडे काढायचं काम केलंय. थोडंसं हातचं राखलेलं असतं हे खरंच, पण ते कुठे राखायचं याचे नियम आहेत.

आधी जड म्हणजे किती जड ते बघू. क्यूसीडी म्हणजे क्वार्क (प्रोटॉनसारख्या कणांचे घटक) आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांची जी थिअरी आहे तिची स्वतःची एक मोजपट्टी असते, साधारण ०.२ ते ०.३ जीईव्हीची (जीईव्ही हे एनर्जीचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतात). त्या एनर्जीच्या आसपास हा फोर्स इतका जोरात असतो की पायरी पायरीने करायची गणितं तिथे चालतच नाहीत. चार्मचं वस्तुमान १.३ जीईव्हीच्या आसपास, बॉटमचं ४.२, टॉपचं १७२.५. तिघेही पट्टीच्या वर म्हणून तिघेही हेवी, पण टॉप आरामात वर आहे आणि चार्म जेमतेम डोकं वर काढून उभा आहे, आणि तुम्ही विचारलेल्या एररची अर्धी गोष्ट इथेच संपते. फोर्सच्या ताकदीला अल्फा एस म्हणतात. एनर्जी वाढली की ती कमी होते हे १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवलं, त्याला २००४ चं नोबेल मिळालं. टॉपच्या वस्तुमानापाशी अल्फा एस साधारण ०.११, बॉटमपाशी ०.२२, चार्मपाशी ०.३५ च्या वर. आमचं सगळं गणित म्हणजे याच आकड्याच्या घातांची मालिका, तेव्हा ०.११ चे घात पटापट लहान होतात आणि ०.३५ चे रेंगाळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता आकडा कसा निघतो. तीन टप्पे. प्रोटॉनच्या आत ग्लुऑन आणि हलके क्वार्क किती आणि कुठल्या वेगाने धावतायत त्याची तक्ते असतात, त्यांना पीडीएफ म्हणतात, ती थिअरीतून येत नाहीत, जुन्या प्रयोगांच्या डेटावर बसवलेली असतात. मग दोन ग्लुऑन किंवा क्वार्क-अँटिक्वार्क आपटून जड जोडी होते, हा भाग खरं गणित. आणि शेवटी तो क्वार्क एकटा राहू शकत नाही म्हणून त्याचा बी (बॉटमचा) किंवा डी (चार्मचा) मेसॉन, म्हणजे क्वार्क-अँटिक्वार्कचा जोडकण, किंवा असंच काहीतरी बनतं, त्याला फ्रॅगमेंटेशन म्हणतात. टॉपला हा तिसरा टप्पा लागतच नाही कारण तो ५ गुणिले १० चा उणे २५ वा घात इतक्या सेकंदांत मोडतो, मेसॉन बनायला वेळच मिळत नाही. म्हणून टॉपवाले सुखी.

मधल्या टप्प्यातला पहिला अंदाज सोपा असतो, ग्लुऑन-ग्लुऑन आणि क्वार्क-अँटिक्वार्क एवढ्याच दोन वाटा. टेव्हाट्रॉन या अमेरिकेतल्या जुन्या कोलायडरमध्ये प्रोटॉनवर अँटिप्रोटॉन आदळायचा त्यामुळे तिथे टॉपच्या सुमारे ८५ टक्के जोड्या क्वार्क-अँटिक्वार्कमधून यायच्या, सर्नच्या एलएचसी या कोलायडरमध्ये उलटं, तिथे नव्वदच्या आसपास टक्के ग्लुऑनमधून. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे एनएलओ, नेसन, डॉसन आणि एलिस यांनी १९८८ मध्ये काढली, आणि तिथे बॉटमच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट दिसते. दुसऱ्या पायरीचं योगदान पहिल्याएवढंच मोठं निघतं! कारण या पायरीला एक नवी वाट उघडते, आधी दोन ग्लुऑन आपटून दोन ग्लुऑनच बाहेर पडतात आणि त्यातला एक फुटून बॉटमची जोडी देतो. ग्लुऑन-ग्लुऑनची साधी टक्कर इतकी सर्रास होते की फुटायची शक्यता कमी असूनही बेरीज मोठी होते. म्हणजे मालिका बिघडलेली नाही, पहिलं पदच अर्धवट होतं. पण एररचा पट्टा काढायला गेलं की याची किंमत मोजावी लागते.

तो पट्टा कसा काढतात ते एकदा जवळून बघा, कारण बहुतेक लोक त्याला प्रयोगातल्या सांख्यिकी एररसारखं वाचतात आणि तो तसा नाहीये. गणितात म्यू नावाची एक स्केल निवडावी लागते, अल्फा एस कुठल्या एनर्जीचा घ्यायचा ते ती ठरवते. सगळी मालिका शेवटपर्यंत बेरीज करता आली असती तर म्यू काहीही घेतला तरी उत्तर तेच आलं असतं, पण आपण दोन-तीन पदांवर थांबतो म्हणून फरक पडतो. मग रिवाज असा की म्यू वस्तुमानाएवढा घ्यायचा, एकदा निम्मा करायचा, एकदा दुप्पट, आणि उत्तर किती हलतं ते एरर म्हणून छापायचं. टॉपसाठी करून बघा. म्यू ८६ जीईव्हीला अल्फा एस ०.११९, ३४५ ला साधारण ०.०९९, पहिल्या पदात त्याचा वर्ग येतो म्हणजे दोन टोकांत ४५ टक्क्यांच्या आसपास फरक, आणि पुढची पदं घातली की हा फरक आपोआप आवळत जातो. आता चार्म. वस्तुमान १.५ धरलं तर म्यू १.५ ला अल्फा एस ०.३५ च्या आसपास, ३ ला ०.२५, वर्ग घेतला की एका बाजूलाच दुप्पट झालं. आणि दुसरी बाजू, म्यू ०.७५? तिथे पीडीएफची तक्ते सुरूच होत नाहीत. त्यामुळे चार्मच्या आलेखात खालची बाजू कुठेतरी हाताने धरून ठेवलेली असते आणि पट्टा एवढा जाड की त्यात काहीही मावेल. याला मी अप्रामाणिकपणा म्हणणार नाही, उलट तो कबुलीजबाब आहे, पण 'खरं उत्तर ६८ टक्के शक्यतेने याच्या आत असेल' वगैरे अर्थ त्याला लावू नका, निम्मं आणि दुप्पट हा आकडा कुणी निसर्गातून शोधून आणलेला नाही.

(एक माझी फजिती. माझं बॉटमचं उत्तर प्रयोगाच्या बरोबर दुप्पट येत होतं आणि मी आठवडाभर पीडीएफ, स्केल, वस्तुमान सगळं उलटंपालटं करून बघितलं. शेवटी कळलं की प्रयोगवाल्यांनी क्वार्क आणि अँटिक्वार्कची सरासरी दिली होती आणि मी दोघांची बेरीज करत बसलो होतो. बरोबर दुप्पट आलं की नवीन फिजिक्स शोधू नये, आधी अशी २ शोधावी.)

आता तो किस्सा जो या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असतो. १९९० च्या दशकात टेव्हाट्रॉनवर १.८ टीईव्हीला (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) बॉटमचं प्रमाण मोजलं तर ते एनएलओपेक्षा दोन-तीन पट जास्त यायला लागलं. लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला, २००१ मध्ये तर असाही प्रस्ताव आला की १२ ते १६ जीईव्हीचा हलका ग्लुइनो, म्हणजे ग्लुऑनचा एक कल्पित जोडीदार कण, आहे आणि तो मोडून हे जादाचे बॉटम देतोय. २००२ मध्ये टेव्हाट्रॉनवरच्या सीडीएफ प्रयोगाने बी मेसॉनचं मोजमाप छापलं, डेटा थिअरीच्या २.९ पट. आणि त्याच वर्षी कॅचारी आणि नेसन यांनी तीच तुलना नीट करून दाखवली तर २.९ चे १.७ झाले. कुठे पाणी मुरत होतं? फ्रॅगमेंटेशनमध्ये, जिकडे कुणी फारसं बघतच नव्हतं.

हे वहीत दोन ओळींत करून बघता येतं. समजा बॉटम क्वार्कची संख्या आडव्या (आदळणाऱ्या प्रोटॉनच्या दिशेला काटकोनातल्या) मोमेंटमच्या पाचव्या घाताने घसरते, म्हणजे मोमेंटम दुप्पट केलं की ३२ वा हिस्सा उरतो. आता क्वार्कच्या मोमेंटमचा झेड एवढा भाग मेसॉनकडे जातो असं धरा, तर ठरावीक मोमेंटमच्या मेसॉनची संख्या झेडच्या चौथ्या घातावर अवलंबून राहते. झेड ०.७ असेल तर ०.२४, ०.८ असेल तर ०.४१. म्हणजे सरासरीत चौदा टक्क्यांएवढी चूक आणि उत्तरात १.७ पट! कारण उतार इतका तीव्र आहे की मेसॉनने थोडंसं जास्त मोमेंटम राखलं तरी तो वरच्या विरळ क्वार्कमधून न येता खालच्या दाट गर्दीतल्या क्वार्कमधून येतो. आधीचे लोक काय करायचे तर एक जुना ठरीव फॉर्म्युला, पीटरसनचा, आणि त्यातला ०.००६ हा पॅरामीटर, वर्षानुवर्षं तसाच उचलायचे, तो कुठल्या अचूकतेच्या गणितावर बसवला होता हे न बघता. कॅचारी आणि नेसन यांनी एलईपी या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरच्या डेटातून वक्राचा आकार बसवायच्या ऐवजी नेमका हा चौथ्या घाताच्या आसपासचा मोमेंट, म्हणजे झेडच्या त्या घाताची सरासरी, बसवला, कारण आपल्याला लागतो तो तेवढाच.

दुसरी अडचण लॉगची. मोमेंटम वस्तुमानापेक्षा खूप जास्त झालं की मालिकेच्या प्रत्येक पदासोबत मोमेंटम आणि वस्तुमानाच्या गुणोत्तराच्या वर्गाचा एक मोठा लॉग चिकटतो, ५० जीईव्हीच्या बॉटमला तो ५ च्या आसपास होतो, मग अल्फा एस लहान असल्याचा फायदाच निघून जातो. १९९८ मध्ये कॅचारी, ग्रेको आणि नेसन यांनी एफओएनएलएल नावाची पद्धत आणली, कमी मोमेंटमला वस्तुमानासकट नेहमीचं गणित, जास्त मोमेंटमला लॉगची बेरीज, आणि मध्ये दोन्ही दुहेरी मोजणी न होता जोडलेलं. हे आणि नवीन पीडीएफ घेऊन टेव्हाट्रॉनच्या दुसऱ्या फेरीचा १.९६ टीईव्हीचा डेटा बघितला तर तो पट्ट्यात बसला. ग्लुइनोची गरज उरली नाही. अजून एक गोष्ट, सुरुवातीच्या काही मोजमापांत मेसॉन किंवा तो मोडून निघालेला म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) दिसायचा पण छापायचे 'बॉटम क्वार्क', मधलं उलट गणित कुठल्यातरी सिम्युलेशनने केलेलं, म्हणजे थिअरीची चूक डेटातच मुरलेली, आणि खापर परत थिअरीच्याच डोक्यावर. आता जे दिसलं तेच छापायची पद्धत आहे, बरं झालं.

टॉपचं मात्र कौतुक करायलाच हवं. २०१३ मध्ये चाकोन, फीडलर आणि मितोव्ह यांनी अजून एक पूर्ण पायरी, एनएनएलओ, संपवली. त्यानुसार १३ टीईव्हीला ८३२ पिकोबार्न (टक्करीत जोडी तयार व्हायची शक्यता या एककात मोजतात), स्केलची एरर वर २० आणि खाली २९, पीडीएफ आणि अल्फा एसची ३५. गंमत बघा, आता अवघड गणितापेक्षा तक्त्यांची एरर मोठी आहे. एलएचसीवरच्या ॲटलास प्रयोगाने इलेक्ट्रॉन-म्यूऑनच्या जोड्या मोजून काढलेला आकडा ८२९, एरर १५. बॉटमची हीच पायरी व्हायला २०२० उजाडलं.

चार्मचं दुखणं वेगळं. एलएचसीत हलकी जोडी करायला प्रोटॉनच्या मोमेंटमचा दहा हजारातला एखादा भागही पुरतो आणि पुढच्या दिशेने, एलएचसीबी हा प्रयोग बघतो तिकडे, त्याहूनही कितीतरी कमी, आणि तिथल्या ग्लुऑनची तक्ते जुन्या डेटातून नीट ठरतच नाहीत. म्हणून उलटं करतात, चार्मच्या डेटावरून तक्तेच सुधारतात, मग त्या तक्त्यांनी चार्मचं भाकीत केलं तर ते भाकीत म्हणायचं का हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. हे फक्त कोलायडरपुरतं नाही, वातावरणात कॉस्मिक किरणांनी तयार होणारा चार्म मोडून जे न्यूट्रिनो येतात ते आइसक्यूबसारख्या न्यूट्रिनो डिटेक्टरला नकोसा बॅकग्राउंड असतात आणि त्याचा अंदाज याच गणितातून येतो.

आणि फ्रॅगमेंटेशनने परत दगा दिलाच. सगळे धरून चालले होते की चार्मचे किती टक्के लॅम्डा-सी बॅरिऑन (तीन क्वार्कचा कण) होतात हे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमध्ये मोजलं की सगळीकडे तेच. एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगाने प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये मोजलं तर साधारण २० टक्के निघाले, जुना आकडा ६ च्या आसपास होता. म्हणजे फक्त डी मेसॉन मोजून जुन्या टक्केवारीने गुणून चार्मचं जे एकूण प्रमाण काढलेलं होतं ते सुमारे ४० टक्क्यांनी वर सरकवावं लागलं, आणि डेटा थिअरीच्या पट्ट्याच्या मधोमध नाही तर वरच्या कडेला जाऊन बसला.