खाऱ्या पाण्याच्या टाकीत ॲक्रोपोराचे (फांद्यांच्या दगडी प्रवाळाचे) तुकडे चिकटवल्यावर आठवड्याभरात तळापासून पांढरे पडतात, कुठे चुकतं?

बहुतेक वेळा दोष कापण्यात नसतो, पाण्यात असतो. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात मोजतात) एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त हलली की ताजा कापलेला तुकडा सगळ्यात आधी ऊतक सोडतो. म्हणून कापण्याआधी दोन आठवडे ती ८ ते ९ मध्ये स्थिर ठेवा. कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. ज्यातून तुकडे काढायचे ते मूळ प्रवाळच फिकट असेल तर कटर लावूच नका.

३-४ सेंमीची फांदी बोन कटरने एका दमात तोडा. अगदी छोटे तुकडे जगतातही, पण सावरायला फार वेळ घेतात. कापलेलं टोक टिश्यूने टिपा आणि सायनोॲक्रिलेट जेलने (सुपरग्लूचा घट्ट प्रकार) प्लगवर, म्हणजे तुकडा बसवायच्या छोट्या बैठकीवर, बसवा. पातळ गोंद नको, तो पसरून जिवंत ऊतकावर चढतो. उघडा सांगाडा जेलखाली पूर्ण झाका, नाहीतर तिथे शेवाळ शिरतं.

पहिला आठवडा प्रकाश मध्यम, प्रवाह मात्र जोरदार आणि दिशा बदलणारा. मंद प्रवाहात तळाशी कचरा साचतो.

पांढरी रेषा वर चढायला लागली तर वाट पाहू नका: रेषेच्या ५ ते १० मिमी वर, निरोगी भागात कापून नव्या प्लगवर लावा. तळाच्या उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंडी दिसली तर ते चपटे कृमी. डिपने (औषधी द्रावणात बुडवून) अंडी मरत नाहीत, तो भाग फेकून द्या.

हे परदेशातल्या टाक्यांसाठी. भारतात दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते घरी ठेवू नका.