मुलांच्या किडनीवर संशोधन करायचं तर डॉक्टरच व्हावं लागतं का?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. तिचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम झाला. आता तो नऊ वर्षांचा आहे. आजार अधूनमधून उलटतो. रोज सकाळी त्याची लघवी पट्टीवर तपासून वहीत लिहून ठेवायचं काम तीच करते. आता म्हणते, मला लहान मुलांच्या किडनीच्या आजारांवर संशोधन करायचंय. तिच्या बाबांचं म्हणणं, त्यासाठी एमबीबीएसच हवं, नीटला मार्क कमी पडले तर वर्षभर ड्रॉप घे. तिला ड्रॉप घ्यायचा नाही. नातेवाईक म्हणतात, संशोधनात पोट भरत नाही. आम्ही काय ठरवावं?
– एक आई, संगमनेर

ताई, नमस्कार.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून आधी तेच घेते. लहान मुलांच्या किडनीचा तज्ज्ञ डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएसला पर्याय नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट पीजी देऊन तीन वर्षं बालरोगशास्त्रात एमडी, मग आणखी एक प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं पीडियाट्रिक नेफ्रॉलॉजीत डीएम. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय अशा थोड्याच संस्थांमध्ये हा डीएम होतो आणि जागा मोजक्याच असतात. मधली बॉण्डची (म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची) आणि परीक्षांच्या तयारीची वर्षं धरली तर मुलगी तिशीच्या पुढे जाते. तरीही ज्याला आजारी मूल समोर हवं, त्याच्या आईशी बोलायला हवं, औषध लिहून त्याचा परिणाम स्वतः बघायला हवा, त्याच्यासाठी हाच रस्ता आहे आणि तो चांगला आहे.

पण संशोधन फक्त याच रस्त्याने होतं, हे खरं नाही. ते पटण्यासाठी तुमच्या घरातलाच आजार घेऊ.

नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये किडनीतली गाळणी प्रथिनं सोडून देते. ती लघवीवाटे जातात, आणि सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. ही गाळणी बिघडते का, हा प्रश्न अनेक दशकं डॉक्टरांना सुटला नव्हता. १९९८ साली कार्ल त्रुगवासन यांच्या गटाने फिनलंडमधल्या अशा बाळांचा अभ्यास केला, ज्यांना हा आजार जन्मापासूनच असतो. त्यांच्यात बिघडलेलं जनुक त्यांना सापडलं. त्या जनुकापासून जे प्रथिन बनतं त्याला नेफ्रिन म्हणतात, आणि गाळणीची जाळी मुख्यतः त्यावर उभी असते. तुमच्या मुलासारख्या मुलांमध्ये बहुतेक वेळा जनुक ठीक असतं, मग त्यांची गाळणी का गळते? याचं मोठं उत्तर २०२४ साली जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या गटाने मांडलं. ज्या मुलांना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध अजून सुरू झालेलं नव्हतं, त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या रक्तात त्याच नेफ्रिनच्या विरोधातल्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच गाळणीवर उलटलेली असते. २६ वर्षांच्या या कामात रुग्ण तपासणारे डॉक्टर तर होतेच, पण त्यांच्या बरोबरीने जनुकशास्त्र, रसायन आणि पेशींचा अभ्यास करणारी माणसंही होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी कधी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवलेला नाही.

आता दुसरी बाजू. मुलाला सर्दी-खोकला झाला की आजार उलटतो, हे तुम्ही पाहिलं असेल. अशा वेळी दिवसाआड चालणारी स्टिरॉइडची गोळी काही दिवस रोज द्यावी का? एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली १०० मुलांवर केलेल्या अभ्यासात याचा फायदा दिसला. पुढे ब्रिटनमध्ये खूप मोठ्या गटावर अभ्यास झाला, तेव्हा फायदा दिसला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते. मुलं वेगळी होती, आधी चालू असलेली औषधं वेगळी होती, डोसही वेगळा होता. मग संगमनेरच्या मुलाला यातलं कोणतं उत्तर लागू? ते ठरवायला दोन्ही अभ्यास उकलून बघणारा माणूस लागतो. (तुमच्या मुलाचा डोस मात्र हे वाचून बदलू नका. तो तुमच्या डॉक्टरांचाच निर्णय.) सुरुवातीचा स्टिरॉइडचा कोर्स तीन महिने द्यावा की सहा, याची चाचणीही भारतातच झाली आणि २०१५ साली तिचा निष्कर्ष आला की, लांबवून विशेष फायदा होत नाही. एवढ्या एका उत्तराने किती मुलांचं सुजलेलं तोंड, वाढलेला रक्तदाब, खुंटलेली उंची टळली असेल! मला विचाराल तर नवं औषध शोधण्याइतकंच हे काम मोठं आहे. आणि ते संख्याशास्त्राशिवाय होत नाही. किती मुलं घ्यायची, कोणाला कोणती गोळी हे चिठ्ठी टाकून कसं ठरवायचं, मधेच सोडून गेलेल्या मुलांचं काय करायचं, हे सगळं संख्याशास्त्रज्ञ ठरवतो.

तुमच्या मुलीने गणित सोडलेलं नाही, हे फार चांगलं केलं. तिला एक गंमत दाखवा. मुलाची किडनी किती काम करते याचा अंदाज घ्यायला जगभर एक साधं सूत्र वापरतात, २००९ साली अमेरिकेतल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासातून आलेलं : सेंटीमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी एरवी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. भावाच्या जुन्या रिपोर्टवरून तिला हे काढू द्या, अर्थ मात्र डॉक्टरांकडून समजून घ्या. मग तिला विचारा, इथे उंची का आली असेल आणि ०.४१३ हाच आकडा का. या प्रश्नात ती तासभर रमली तर तुम्हाला बरंच काही कळेल.

किडनीच्या आजारांचा शोध नेहमी प्रयोगशाळेतच सुरू होतो असंही नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडच्या लहान मुलांची लघवी अचानक बंद व्हायला लागली आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांना नागपूरला आणलं गेलं. कारण निघालं खोकल्याच्या औषधात मिसळलेलं डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते ते याच विषाने, आणि तरीही ते पुन्हा मुलांच्या तोंडात गेलं. असा छडा लावायला किडनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो, औषधाची बाटली तपासणारा रसायनतज्ज्ञ लागतो आणि कुठल्या गावात कोणत्या घरी काय दिलं होतं हे दारोदार विचारणारा साथरोगतज्ज्ञ लागतो. मूत्रमार्गाचंही तसंच आहे. गर्भातच सोनोग्राफीत सुजलेली किडनी दिसणं, लघवी उलटी वर चढणं, वारंवार होणारा संसर्ग, या सगळ्यावर अभ्यास चालू आहेत.

तेव्हा मुलीला ‘डॉक्टर की संशोधक’ असं विचारू नका. ती ज्या वहीत रोज प्लस (पट्टीवर दिसलेल्या प्रथिनाचं प्रमाण) लिहिते, ती बघताना तिच्या मनात काय येतं ते विचारा. ‘आज तीन प्लस, आता याला बरं कसं करू,’ असं येत असेल तर तिला रुग्ण हवाय आणि एमबीबीएससाठी झटणं योग्य आहे. ‘प्रथिन मुळात गळतं कुठून,’ असं येत असेल तर तिची जागा प्रयोगशाळेत आहे. ‘थंडीत जास्त वेळा उलटतं का, सर्दीनंतर किती दिवसांनी,’ असं येत असेल तर आकड्यांत.

प्रयोगशाळेसाठी आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था बघा. पुण्यातच आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित चारही विषय येतात, म्हणजे नीटच्या अभ्यासाचा बराच भाग कामी येतो. ते नाही जमलं तर चांगल्या कॉलेजातून बीएस्सी आणि मग एमएस्सी. त्यापुढे नेट-जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळवून पीएचडी. पुण्याचं एनसीसीएस, बंगळुरूचं आयआयएस्सी आणि एनसीबीएस अशा ठिकाणी प्रतिकारशक्ती आणि पेशींवर उत्तम काम चालतं. पीएचडीत सीएसआयआर या केंद्रीय विज्ञान संशोधन परिषदेची ही शिष्यवृत्ती सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. खरी अडचण त्यानंतरची आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही. पीएचडीनंतर कायमची जागा मिळेपर्यंत काही वर्षं दोन-तीन वर्षांच्या करारांवर काढावी लागतात, बहुतेकदा परगावी किंवा परदेशी. घराने हे आधीच मान्य केलं तर मुलीवरचं अर्धं ओझं उतरतं.

आकड्यांचा रस्ता त्या मानाने लवकर कमावता करतो. संख्याशास्त्रात बीएस्सी, मग संख्याशास्त्र किंवा बायोस्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी. पुण्या-मुंबईत औषध चाचण्यांचं काम करणाऱ्या कंपन्यांमध्ये अशा मुलांना नोकरी मिळते, आणि रुग्णालयांच्या संशोधन विभागांनाही ती हवी असतात. पीएचडी नंतरही करता येते. या रस्त्याकडे पालकांचं लक्ष जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ड्रॉपबद्दल. तिला मुलांचा डॉक्टरच व्हायचं असेल आणि गुण थोडक्यात हुकले असतील, तर एक वर्ष द्यायला हरकत नाही. पण तिची इच्छा नसताना, केवळ ‘संशोधनासाठी एमबीबीएस लागतं’ या समजुतीने ते वर्ष लादू नका. आणि एमबीबीएस मिळालंच, तर तिथेही संशोधन थांबत नाही. आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी स्टुडंटशिप देते. त्यासाठी पहिल्याच वर्षी एखादा मार्गदर्शक प्राध्यापक शोधून ठेवायला सांगा.

एक गोष्ट तिच्याशी मोकळेपणाने बोला. ती संशोधक होईपर्यंत दहा-बारा वर्षं जातील. स्टिरॉइडला प्रतिसाद देणाऱ्या बहुतेक मुलांचा हा आजार वयात येता येता शांत होतो, काहींचा मोठेपणीही उलटतो. म्हणजे तिच्या कामाचा उपयोग तिच्या भावाला कदाचित होणारही नाही, तो होईल दुसऱ्या कोणाच्या तरी चार वर्षांच्या भावाला. हे ऐकूनही तिची ओढ तशीच राहिली तर ती पक्की समजा. आणि ‘भावाला बरं करायचं होतं म्हणून’ एवढंच असेल, तर त्यातही कमीपणा काही नाही. फक्त तेवढ्यावर दहा वर्षं काढणं कठीण जातं, आणि आजार उलटला की ती स्वतःला दोष देत बसेल. आताही देत असेल कदाचित. पट्टी तपासायचं काम आठवड्यातले दोन-तीन दिवस तुम्ही किंवा तिच्या बाबांनी घ्या. बारावीचं वर्ष आहे तिचं.

फॉर्म भरताना नीट, आयसर आणि एमएचटी-सीईटी तिन्ही भरा. संख्याशास्त्राच्या बीएस्सीचे प्रवेश बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवर होतात, तेव्हा बोर्डाची परीक्षा हलक्यात घेऊ नका. मुलाच्या पुढच्या तपासणीला तिला सोबत न्या, आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन तिला तिचे दोन प्रश्न स्वतः विचारू द्या. तिने काय विचारलं ते मला जरूर कळवा, मग कॉलेजांची नावं आपण नेमकी ठरवू.