सिबिल स्कोर खराब आहे, चिपळूणला भाड्याने घर मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की लोटे एमआयडीसीत नोकरी लागलीय, जूनमध्ये हजर व्हायचंय, चिपळूणमध्ये घर बघताय, पण क्रेडिट कार्डाची बिलं थकल्यामुळे सिबिल (कर्ज-कार्डाचे पैसे वेळेवर फेडता का, त्याचा स्कोर) ५७० वर आलंय आणि एजंटने "पॅन नंबर आणि ओटीपी द्या, मालकाला सिबिल दाखवायला लागतं" म्हटल्यावर टेन्शन आलंय.

घर मिळेल हो. मी चिपळूणचाच, आणि नात्यातली जी मंडळी मुंबई-डोंबिवलीला असतात त्यांचे इकडचे ब्लॉक भाड्याने लावायचं काम माझ्याच गळ्यात पडलेलं आहे, त्यामुळे मालक काय बघतात ते मला चांगलं माहितीय. आजवर एकाही मालकाने मला भाडेकरूचं सिबिल विचारलेलं नाही. अर्ध्या जणांना सिबिल हे फक्त बँकेत लोन घेताना ऐकून माहिती.

त्या एजंटला ओटीपी अजिबात देऊ नका. क्रेडिट रिपोर्टचा २००५ चा कायदा आहे, त्याप्रमाणे सिबिलसारख्या कंपन्या रिपोर्ट देतात ते बँका, फायनान्सवाले वगैरे ठराविक संस्थांना. घरमालक स्वतःहून तो काढू शकत नाही, तुम्ही हातात दिलात तरच त्याला दिसणार. बरेच एजंट घराबरोबर लोनचीही कामं करतात, त्यांना तुमचा पॅन आणि ओटीपी कशाला हवा असेल ते तुम्हीच ओळखा. रिपोर्ट बघायचाच असेल तर स्वतः काढा, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोर पडत नाही.

आता मालक काय बघतो. पहिला प्रश्न गाव कुठलं, दुसरा इथे ओळखीचं कोण, तिसरा नोकरी कुठे, आणि मग फॅमिली आहे की एकटे. डोंबिवलीच्या काकांना मी फोन करून सांगितलं ना की भाडेकरू बघून ठेवलाय, की पगार विचारायच्या आधी "कुणातला रे तो?" हे येणार. आडनाव ऐकून नाही म्हणणारे पण आहेत, मासे खाता का विचारणारे पण आहेत (कोकणात राहून हा प्रश्न, काय बोलणार), पण त्याचा तुमच्या सिबिलशी संबंध नाही, तशा घरावर वेळ घालवू नका, पुढचं बघा.

दुसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. इकडे बंद घर पावसाळ्यात खराब होतं. चार महिने खिडकी उघडली नाही की भिंतीला बुरशी, गाद्यांना कुबट वास, दाराच्या चौकटीला वाळवी, कौलारू असेल तर वांदरांनी कौलं सरकवलेली आणि खाली माजघरात तळं. मालक गणपतीत येतो तेव्हा पहिले दोन दिवस साफसफाईतच जातात. म्हणून मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी परत जायच्या आधी घरात माणूस ठेवायच्या मागे असतो, आणि तुम्हाला नेमकं जूनमध्येच यायचंय. शक्य असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः येऊन मालकाला भेटा. "घर उघडं राहील, काही गळलं तर फोटो काढून पाठवीन" एवढं म्हणालात तरी तो भाड्यात थोडं कमी करायला तयार होतो. फक्त गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही येऊन राहणार अशी अट आहे का ते आधीच विचारून करारात लिहून घ्या, नाहीतर ऐन चतुर्थीला तुम्ही बॅगा घेऊन लॉज शोधत फिरणार.

सिबिल खराब आहे हे सांगायचं का? विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर आपणहून रिपोर्ट पुढे करू नका. माझ्याकडे एक मोबाईल रिपेअरिंगवाला आला होता, २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतलं त्याचं दुकान पार बुडालं, माल गेला, लोन थकलं, बँकेचे फोन चालू. त्याने प्लास्टिकच्या फाईलमधून आधीच्या खोलीची लाइटबिलं काढली, सगळी वेळेवर भरलेली, भाडं दिल्याच्या बँकेतल्या नोंदींवर पेनाने खुणा केलेल्या, आणि जुन्या मालकिणीचा नंबर दिला, म्हणाला आत्ता माझ्यासमोर फोन लावा. मी लावला. ती बाई म्हणाली खोली रिकामी करताना पोरगा भिंतीतले खिळे काढून बुजवून गेला. विषय संपला, किल्ली दिली. तुम्हीही तेवढंच जमवा, ऑफर लेटर, दोन-तीन पगाराच्या स्लिपा, जुन्या मालकाचा नंबर. कंपनीतल्या कुणी लोकल माणसाने शब्द टाकला तर फारच उत्तम.

मालक तरीही कचरत असेल तर एक महिन्याचं जास्त डिपॉझिट द्या, पण ते बँकेतून पाठवा आणि करारात आकडा येऊ दे. त्यासाठी मोबाईल ॲपवरून झटपट लोन मात्र काढू नका, आधीच थकलेलं असताना त्याचं व्याज भाड्यापेक्षा जड जाईल. आणि पुढच्या तारखांचे चेक मागितले तर खात्यात पैसे राहतील याची खात्री असेल तरच द्या, चेक परत गेला तर चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस होऊ शकते.

करार रजिस्टरच करा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू असं इकडे सर्रास म्हणतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. हे मालकाला गोड शब्दात सांगा, तो स्वतःच घाई करेल. खर्च फार नाही, सात हजार भाडं, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर पाव टक्क्याने स्टॅम्प ड्युटी साधारण दोनशे रुपये, नोंदणी फी शहरात १००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००, वर ऑनलाइन करून देणारा घेईल ते. आधार आणि अंगठा लागतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचं पण राहू देऊ नका.

सिबिलचं काम वेगळं चालू ठेवा. कार्डाची बाकी भरून बँकेकडून नो ड्यूजचं पत्र घ्या, "सेटलमेंट करू, अर्धेच भरा" म्हणतील पण मग रिपोर्टवर सेटल्ड, म्हणजे पूर्ण फेडलं नाही, असा शेरा बसतो. रिपोर्टमध्ये चूक असेल तर तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल नाही लागला तर तुम्हाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आणि जागेचं. रोज लोट्याला जायचं तर मध्ये परशुराम घाट आहे, पावसात दरड आली की रस्ता बंद, म्हणून लोट्यात किंवा खेडला पण बघा, खेडला जगबुडी नदीचं पाणी येतं तेवढं लक्षात ठेवून. चिपळूणमध्येच राहायचं तर टोकन द्यायच्या आधी २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते मालकाला नको, शेजारच्या दुकानदाराला विचारा. बजेट किती आणि फॅमिली बरोबर आहे का ते कमेंटमध्ये लिहा, माझ्या बघण्यात काही असेल तर कळवतो.