वाचक विचारतात : फोटोत फरक दिसत नाही, मग हिमनदी आटतेय हे कळतं कसं?

प्रश्न : हिमालयातल्या हिमनद्यांचे जुने-नवे सॅटेलाइट फोटो शेजारी शेजारी ठेवलेले असतात, काहींमधे तर मला काहीच फरक दिसत नाही, तरी बर्फ झपाट्याने कमी होतोय म्हणतात. हे मोजतात कसं?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. आपण सगळे आधी हिमनदीच्या तोंडाकडे बघतो, ते किती मागे सरकलं ते. पण गंगोत्रीसारख्या हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला असतो, आणि हा थर जाड असला की खालच्या बर्फाला ऊन कमी लागतं, त्यामुळे तोंड फारसं न हलता आख्खी हिमनदी वरून खाली बसत जाते. वरून काढलेल्या फोटोत हे दिसणारच नाही. म्हणून उंची मोजावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा आकडा तोच.

टेरा नावाच्या उपग्रहावर अ‍ॅस्टर हे उपकरण आहे, 1999 च्या डिसेंबरमधे गेलेलं. त्याचा एक कॅमेरा सरळ खाली बघतो आणि दुसरा तीच जागा जवळजवळ मिनिटभराने मागे वळून बघतो, आपल्या दोन डोळ्यांना खोली कळते तसंच, त्या दोन फोटोंवरून जमिनीची उंची काढता येते. मग दहा-पंधरा वर्षांनंतरचा उंचीचा नकाशा घ्यायचा आणि जुना त्यातून वजा करायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन नकाशे एकमेकांवर थोडे जरी सरकले तरी उतारावर खोटा फरक दिसतो, म्हणून आधी आजूबाजूचे उघडे कातळ जुळवतात, कातळ काही वितळत नाहीत, तिथे फरक शून्य यायला हवा आणि जो उरतो ती आपली चूक किती आहे ते सांगतो. हे काम फार किचकट आहे आणि ते मन लावून करणाऱ्यांबद्दल मला खरंच आदर वाटतो.

उंचीतल्या या फरकावरून पाणी किती गेलं तेही काढतात : एक चौरस किलोमीटर बर्फ एक मीटरने खाली बसला तर साधारण साडेआठ लाख टन पाणी गेलं, त्यात बर्फाची घनता सुमारे 850 किलो प्रति घनमीटर धरतात.

अजून मागे जायचं तर अमेरिकेच्या हेक्सागॉन या हेरगिरीच्या उपग्रहांनी 1970 च्या दशकात फिल्मवर काढलेले फोटो आहेत, गुप्तता उठल्यावर ते अभ्यासकांना मिळाले. ते वापरून 2019 मधे आलेल्या अभ्यासात हिमालयातल्या सुमारे 650 हिमनद्या तपासल्या, आणि 2000 ते 2016 मधला ऱ्हासाचा वेग 1975 ते 2000 च्या जवळपास दुप्पट निघाला. तोंड कुठवर आहे एवढंच बघत बसलो असतो तर हे कळलंच नसतं.

प्रश्न : मला घरबसल्या बघता येईल का?

उत्तर : हो, लँडसॅट आणि सेंटिनेल-2 या उपग्रहांच्या इमेज फुकट मिळतात. हिमालयासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या घ्या, म्हणजे पावसाळी ढग गेलेले असतात आणि नवा बर्फ फारसा पडलेला नसतो. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड बँड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात टिपलेली इमेज, नक्की लावा, साध्या फोटोत ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे, या बँडमधे बर्फ जवळजवळ काळा होतो आणि बहुतेक ढग उजळच राहतात. दगडमातीखालचा बर्फ मात्र यातही सापडत नाही, तिथे हिमनदीची कडा हातानेच आखावी लागते.