अख्खा डोंगर साफ करू नकोस, आळं साफ ठेव

पन्हाळ्याकडच्या उतारावर जुलैत आईन, हिरडा, जांभळाची रोपं लावलीस, आता ती गवतात गडप झालीत, तर सगळीकडे तणनाशक मारू का, असं विचारलंयस. नको भावा. फवारा वाऱ्यानं रोपावरच जातो, आणि उतार उघडा पडला की आपल्याकडचा पाऊस माती ओढ्यात नेऊन सोडतो.

भांगलण फक्त रोपाभोवती कर, बुंध्यापासून हात-दीड हात गोल. खुरप्यानं मुळासकट काढ. अगदी बुडाजवळचं मात्र हातानं उपट. गवताची सावली डोळ्याला दिसते, पण खरी ओढाताण जमिनीखाली पाण्यासाठी चालते. म्हणून ऑगस्टची भांगलण थोडी पुढंमागं झाली तर चालेल, पाऊस सरतानाची, सप्टेंबरअखेरची चुकवू नकोस. उपटलेलं गवत बी धरायच्या आत असेल तर तेच आळ्यात पसर. ऊसतोड सुरू झाली की वर पाचट टाक, पण बुंध्याला चिकटवू नकोस. वाळवी दिसली तर थर पातळ कर.

मधल्या पट्ट्यातलं गवत गावातल्या म्हशीवाल्यांना वैरणीला कापून नेऊ दे, जनावरं मात्र आत सोडू देऊ नकोस. त्याआधी प्रत्येक रोपाशेजारी उंच काठी रोव, नाहीतर विळ्याच्या एका फटक्यात आईनही गोठ्यात पोचतो.

घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं, त्यांचं गणित वेगळं. घाणेरी कोयत्यानं छाटलीस की बुडातून जोमानं फुटते. कुदळीनं मातीखाली दोन बोटं मूळ तोड आणि झुडूप उलटं करून टाक. पक्षी तिचं बी परत आणतातच, त्यामुळं पावसाळ्यात बारकी रोपं उपटत फिरावं लागतं. जाळी मोठी असेल तर झाडं लावून सांभाळता येतील तेवढीच काढ. मोकळ्या जागेत रानमोडी घुसायला वेळ लागत नाही. ती थंडीत फुलते, बी वाऱ्यावर उडतं, उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण होतं. फुलायच्या आधी, जमीन ओली असतानाच उपट. कारवीचं झुडूप मात्र आपलं, इथलंच आहे, त्याला हात लावू नकोस.

आणि तुझ्या जागेत पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारखा कातळसडा, म्हणजे पातळ मातीचा उघडा सपाट खडक असेल, तर तिथं झाडं लावूच नकोस. सड्यावरच्या फुलांच्या दृष्टीनं तिथं तुझं झाडच तण.

हे निदान तीन पावसाळे करावं लागेल. पुढच्या जुलैत भांगलणीला माणसं मिळतील तेवढीच नवी रोपं आण.