थिबा राजवाडा मुलांना दाखवताना राणीपासून सुरुवात करा

सुट्टीत रत्नागिरीला गेलेली कुटुंबं थिबा राजवाड्यात अर्धा तास फिरतात, कोरीव खिडक्यांपुढे फोटो काढतात आणि निघतात. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या हाती त्यातून फारसं लागत नाही. गोष्ट ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची राणी सुपयालत, तिची म्हणून सांगा.

आदल्या रात्री नकाशावर मंडाले, रंगून, मद्रास, रत्नागिरी असा दोरा लावा. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली आणि राजाराणीला हद्दपार केलं, तेव्हा राणीला सव्विसावं सरत आलं होतं. दोन लहान मुली, तिसरी पोटात. ती मार्च 1886 मध्ये मद्रासला जन्मली, एप्रिलमध्ये सगळे रत्नागिरीला आले, चौथी 1887 साली इथेच झाली. सोबत काय आणलं, हे मुलं हमखास विचारतात. हिरे-माणकं. पुढे तीच विकून खर्चाला पैसा उभा करावा लागला.

राजवाडा पाहून हमखास होणारा गैरसमज म्हणजे ही मंडळी इथे ऐषारामात तीस वर्षं राहिली. वाडा 1910 चा. आधीची चोवीस वर्षं बंगल्यांत गेली. राजा डिसेंबर 1916 मध्ये वारला, म्हणजे त्याच्या वाट्याला वाडा जेमतेम सहा वर्षं आला. म्हणून शिवाजीनगरची समाधी चुकवू नका. राणीला त्याचा देह ब्रह्मदेशात न्यायचा होता, सरकारनं नाकारलं. ती 1919 मध्ये परतली, 1925 मध्ये रंगूनला वारली. तिची समाधी तिकडे.

थिबाची गादी पक्की करायला त्याच्या भाऊबंदांना मारलं, ते 1879 चं राजघराण्यातलं हत्याकांड बारा वर्षांपुढच्या मुलांनाच सांगा, आणि सगळं खापर एकट्या सुपयालतवर फोडू नका. तिची आईही त्या कारस्थानात होती.

आजीला इंग्रजीत उत्तर देणाऱ्या मुलासाठी टुटूची गोष्ट राखून ठेवा. थोरल्या राजकन्येला दरवान गोपाळ सावंतांपासून झालेली ही मुलगी. आजी ब्रह्मी राणी, पण नातीचा सगळा संसार मराठीत. भाषण देऊ नका. तिची भाषा कशी बदलली असेल, एवढंच विचारा आणि गप्प बसा.

‘आपणही असेच हद्दपार’ असं मात्र गमतीतही म्हणू नका. आपल्या खिशात परतीचं तिकीट असतं. त्यांना परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हतं.

आणि टुटूच्या वंशजांची घरं शोधत फिरू नका. ती राहती घरं आहेत. त्यापेक्षा संध्याकाळी थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी बघा.