गोव्यात लँडस्केप फोटोंचं प्रदर्शन लागलंय. हेच फोटो मोबाइलवर फुकट दिसतात, मग गॅलरीत जाऊन वेगळं काय पाहायचं?

प्रश्नाच्या खुलाशात तुम्ही लिहिलंय की मित्रानं पणजीला प्रदर्शन बघायला बोलावलंय आणि तिथल्या एका फोटोची किंमत पंचवीस हजार आहे. डोंगर देवानं केला, पाऊस आभाळातून पडला, मग या माणसानं बटण दाबण्यापलीकडे काय केलं, असा तुमचा रोख आहे.

माझं फोंड्याला फ्रेमिंगचं दुकान आहे. गणपती-सरस्वतीच्या तसबिरींपासून प्रदर्शनातल्या फोटोंपर्यंत सगळं हाताखालून जातं. मी स्वतः फोटो काढत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातलं मला विचारू नका. पण छापलेला कागद रोज जवळून बघतो. त्या जोरावर सांगतो, मोबाइलवर तुम्हाला दिसते ती त्या फोटोची फार तर जाहिरात.

मोबाइलचा उजेड पडद्यातून थेट डोळ्यांत येतो, कागदावर तो बाहेरून पडतो. त्यामुळे पडद्यावर भडक केशरी सूर्यास्त बाजी मारून जातो आणि कागदावर तोच बापुडवाणा दिसतो. पावसाळी फोटोचं नेमकं उलटं. मध्यंतरी माझ्याकडे खाजनांचे, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचे, फोटो फ्रेमिंगला आले होते. भर पावसातला बांध, दोन्हीकडे पाणी, मधे मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची मोरी. पाठवणाऱ्यानं आधी व्हॉट्सॲपवर धाडले तेव्हा सगळं एकाच राखाडी रंगाचं वाटलं, खरं सांगायचं तर मी पुढे सरकलो. मग प्रिंट आले. कापसाच्या तंतूंचा, बिनचकाकीचा जाड कागद, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपासचा. त्यावर आभाळ वेगळं, पाणी वेगळं, पलीकडच्या माडांची रांग वेगळी, आणि मानशीच्या लाकडी दाराच्या काळोखात भिजलेल्या फळीच्या रेषासुद्धा मोजता येत होत्या.

म्हणून आत गेलात की आधी फोटोतला अंधार बघा. झाडाखालची सावली, खडकाची कपार, ढगाचं पोट. तिथे काही दिसतं का, की नुसता शाईचा गोळा आहे? काही जण मुद्दाम गडद ठेवतात, ते लगेच कळतं. निष्काळजीपणाही लगेच कळतो. मग फेसासारखे पांढरे भाग बघा, आणि मग कुठे एकूण देखावा.

दुसरी गोष्ट आकार. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचा ऱ्हाइन नदीचा एक फोटो आहे, १९९९ सालचा. राखाडी आभाळ, हिरव्या गवताचे पट्टे, मधे नदीचा पट्टा, बस्स. मोबाइलवर बघितलात तर हसाल. २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो सुमारे ४३ लाख डॉलरना गेला. तो फ्रेमसकट साडेतीन मीटरहून जास्त रुंद आहे, माणूस त्याच्यासमोर उभा राहतो तेव्हा नदी डोळ्यांच्या दोन्ही कडांपर्यंत जाते. किंमत मलाही अतीच वाटते, पण आकार हा त्या कलाकृतीचाच भाग आहे, आणि तो सहा इंचांच्या पडद्यावर मावत नाही.

त्या फोटोतून एक कारखान्याची इमारत आणि कुत्रं फिरवणारे लोक संगणकावर काढून टाकलेले आहेत. चालतं का असं? कलाकृती म्हणून लावली असेल तर माझी हरकत नाही. पण डिचोलीकडच्या डोंगराचा फोटो घेऊन त्यातली खाण पुसली आणि खाली ‘निसर्गरम्य गोवा’ असं लिहिलं, तर तो मी माझ्या दुकानातही टांगणार नाही.

आता बटणाचं. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानं १९४१ साली न्यू मेक्सिकोत एका गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. त्याच एका निगेटिव्हवरून त्यानं पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढले, हजाराहून जास्त. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळ उजळ आहे, ढग दिसतात. नंतरच्यांत त्यानं ते छापतानाच जवळजवळ काळं करत नेलं. बटण एकदाच दाबलं होतं.

राहिले पंचवीस हजार. घ्यायचा विचार असेल तर विचारा, या आकारात एकूण किती प्रिंट काढणार? कोपऱ्यात ३/१० असं लिहिलं असेल तर तो दहांतला तिसरा. कागद ॲसिड-फ्री, म्हणजे लवकर पिवळा न पडणारा, आहे ना आणि शाई पिगमेंटची, म्हणजे लवकर न उडणारी, आहे ना, हेही विचारा. २४ मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, साधारण २० बाय १३ इंच होते. त्याहून मोठा प्रिंट वाईटच असतो असं नाही, लांबून बघायचा असेल तर चालतो, पण नाक लावून बघणाऱ्याला फरक कळतो.

आणि आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो, चिऱ्याच्या भिंतींना ओल येते. प्रिंट काचेला चिकटून बसवला असेल तर तो काचेलाच धरतो, मग सोडवताना शाई निघते. मधे माउंट बोर्ड (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) किंवा पट्टी हवीच. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे वारा खेळेल, आणि पावसाचा मारा लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. गिऱ्हाइकं नेमकी तीच भिंत निवडतात, कारण ती रिकामी असते.

या एका प्रदर्शनावर थांबू नका. पणजीतच आल्तिन्होवर सुनापरांत हे कलाकेंद्र आहे, पिळर्ण्याला म्युझियम ऑफ गोवा आहे, आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी कलामहोत्सवात पणजीभर काही ना काही लागलेलं असतं. दुपारी गर्दी नसताना जा, संध्याकाळी उद्घाटनाला लोक फोटोंकडे पाठ करून चहा पितात.

फ्रेमशिवाय नुसता प्रिंट मिळेल का तेही विचारा. पुष्कळदा मिळतो आणि स्वस्त पडतो. फ्रेम मग कुठेही करून घ्या, फक्त जून-जुलैत नको. त्या हवेत बंद केलेली ओल काचेच्या आतच राहते.